बाणाची बैठक

गेल्या हिवाळ्यांत आम्ही चार दिवस विश्रांतीसाठीं बिद्रीस आमच्या भगिनीच्या घरीं राहिलों होतों. कोल्हापुराहून गारगोटीकडे जाणाऱ्या रस्त्यावरील हें गांव दूधगंगा-वेदगंगा साखर कारखान्यामुळें आमच्या भागांत सर्वांस ठाऊक आहे. गळिताचे दिवस होते. उसाच्या गाड्यांची रांग रस्त्याच्या कडेस लागलेली, हवेंत मळीचा उग्र गोडसर वास भरलेला, आणि कारखान्याचें धुराडें रात्रंदिवस धूर सोडीत असलेलें. विश्रांति मिळाली नाहीं. परंतु त्याचा दोष उसाच्या गाड्यांकडे नाहीं. आमच्या भगिनीची नात यंदा सातवींत आहे. तिनें पहिल्याच सायंकाळीं एक वस्तु आमच्यापुढें आणून ठेविली, आणि तिच्यासंबंधानें असा कांहीं प्रश्न केला कीं आमचे चारहि दिवस त्यांतच गेले.

वस्तु म्हणजे एक लहानसा अग्निबाण होता. पुठ्ठ्याची हातभर लांब नळी, तिच्या बुडाशीं बाल्सा नांवाच्या अत्यंत हलक्या लांकडाचे तीन पंख, वरतीं प्लॅस्टिकचें निमुळतें टोंक, आणि नळीच्या पोटांत घडी करून ठेविलेली छत्री. मुलीचा मामा अमेरिकेंत नोकरीस असतो. त्यानें सुट्या भागांची पेटी आणून दिली होती आणि हिनें तिच्यांतून हा बाण स्वतःच्या हातांनीं जोडला होता. यास खेळणें म्हणावें तर तें बरोबर होणार नाहीं. याच्या बुडांतील पोकळींत अंगठ्याएवढी, दारू भरलेली कागदी कांडी बसविली आणि ती विजेच्या तारेनें पेटविली कीं असला बाण कित्येकशें फूट वर जातो. मग कांडींतलीच शेवटची चिमूटभर दारू टोंक ढकलून देते, छत्री उघडते, आणि बाण हळूहळू खालीं येतो. परंतु ती कांडी विमानांतून नेण्याची बंदी आहे, आणि आपल्याकडच्या बाजारांत ती सहजीं मिळण्यासारखी नाहीं. सारांश, बाण सर्वांगीं पूर्ण होता, आणि उडण्याची त्यास कांहीं आशा नव्हती.

शाळेचें विज्ञान-प्रदर्शन जवळ आलें होतें आणि तेथें बाण उभा करून दाखवावयाचा होता. तो उभा राहीना. त्याचे पंख मागें झुकलेले, नळीच्या बुडाच्याहि खालीं उतरलेले. टेबलावर ठेवला कीं सारा भार पंखांच्या बारीक टोंकांवर येई, आणि पंख्याच्या वाऱ्यानेंसुद्धां तो कलंडे. "आजोबा, याला उभं कसं करायचं?" हा मुलीचा पहिला प्रश्न. त्याचें उत्तर सुतारहि देऊं शकला असता. परंतु मागोमाग ती म्हणाली, "आणि हे उडणारच नाही, तर उभं तरी कशाला करायचं? मी आडवंच ठेवतो की." (आमच्या कोल्हापूरकडच्या मुली 'जातो', 'करतो' असेंच बोलतात, पुण्याच्या वाचकांनीं तें मुद्रणदोष समजूं नये.) तीस वर्षें तर्कशास्त्र शिकवून आम्हांस या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर तत्काळ सुचलें नाहीं, हें येथें कबूल केलें पाहिजे.

उडावयाची वस्तु उभी करून ठेवणें म्हणजे काय? दिवाळींत आपण बाण रिकाम्या बाटलींत उभा करतों. अमेरिकेंतील मुलें हा पुठ्ठ्याचा बाण एका पोलादी सळईवर ओंवून उभा करतात. या दोन्ही बैठकी जाणाऱ्यासाठीं आहेत. बाण गेला कीं त्यांचें काम संपलें. प्रदर्शनांतली बैठक मात्र राहणाऱ्यासाठीं असते. आणि जी वस्तु जाण्यासाठींच निर्माण झाली, तिला राहण्याची बैठक देणें हा तिचा सन्मान कीं तिचा उपहास? आपल्या भाषेंत 'मखरांत बसविणें' हा वाक्प्रयोग कोणत्या सुरांत केला जातो हें वाचकांस ठाऊक आहेच. ज्याच्याकडून आतां कांहीं करून घ्यावयाचें नाहीं त्यास आपण उंच बसवितों. आमच्या वयाच्या माणसास हें विशेष जाणवतें. महाविद्यालयांत निवृत्त होणाऱ्या प्राध्यापकास त्या एका दिवसापुरती व्यासपीठावरची मधली खुर्ची मिळते. तीत बसलेल्या आमच्या कित्येक मित्रांचे चेहरे आम्हीं पाहिले आहेत, आणि थोड्याच वर्षांत आमचाहि कोणीतरी पाहील.

तेव्हां मुलीचें म्हणणें आम्हांस प्रथम बरोबरच वाटलें. आडवा बाण निदान खोटें बोलत नाहीं. याला एक थोर दाखलाहि आहे. माणसास चंद्रावर नेणारा सॅटर्न-५ हा अग्निबाण उभा केला म्हणजे ३६३ फूट भरे. त्यांतले उरलेले तीन आज अमेरिकेंत तीन ठिकाणीं ठेविलेले आहेत, आणि तिन्ही आडवे आहेत. त्यांपैकीं ह्यूस्टनचा तर सर्वस्वीं उड्डाणासाठीं बनविलेल्या भागांचा आहे. पुढच्या चांद्रमोहिमा १९७० सालीं रद्द झाल्या, आणि त्याचें जाणें राहिलें. त्यानें बरींच वर्षें उघड्यावर ऊनपाऊस सोसला. २००५ सालीं त्याच्यावर छप्पर आलें. हंट्सव्हिल या गांवीं तर मौज अशी कीं, खरा सॅटर्न इमारतींत आडवा पडला आहे आणि बाहेर मैदानांत १९९९ सालीं केलेली त्याची प्रतिकृति ताठ उभी आहे. खरा आडवा आणि नकली उभा! जगांतील पुष्कळशा प्रतिष्ठेचा हिशेब असाच लागतो, असें मनांत येऊन आम्ही थोडा वेळ खूष झालों.

पण हें समाधान टिकलें नाहीं. रात्रीं अंथरुणावर पडल्यावर ध्यानांत आलें कीं ह्यूस्टनचा बाण आडवा आहे तो कोणा तत्त्वचिंतकाच्या सल्ल्यानें नव्हे; एवढें मोठें धूड उभें करून वर छप्पर घालणें परवडत नाहीं म्हणून. आडवें पडण्यांत सत्य आहे आणि उभें राहण्यांत असत्य आहे, असा कांहीं नियम त्यावरून निघत नाहीं. शिवाय दुसरी एक गोष्ट सुचली, ती महत्त्वाची होती. जो अग्निबाण आपलें काम करून गेला तो कोणत्याच बैठकीवर कधीं येत नाहीं. त्रिवेंद्रमजवळच्या थुंबा या कोळीवाड्यांतून २१ नोव्हेंबर १९६३ रोजीं आपल्या देशांतील पहिला अग्निबाण सुटला. तो समुद्रांत गेला. १० ऑगस्ट १९७९ रोजीं आपला एस्एल्व्ही-३ बिघडून समुद्रांत पडला. १८ जुलै १९८० रोजीं त्याच जातीचा दुसरा बाण रोहिणी उपग्रहास कक्षेंत सोडण्यांत यशस्वी झाला, आणि त्याचेहि टप्पे जळून वा बुडूनच संपले. यश आलें काय आणि अपयश आलें काय, परत येऊन उभें राहण्यास कोणी उरला नाहीं. (ज्यांच्या हाताखालीं थुंब्याच्या त्या संस्थेचें काम त्या काळीं चालत होतें ते वसंत गोवारीकर कोल्हापुरांत शिकलेले, हें मुलीस सांगितल्यावर तिचा आमच्यावरचा विश्वास बराच वाढला.) म्हणजे जगांतल्या संग्रहालयांत जे अग्निबाण उभे आहेत ते बहुतेक सारे न गेलेले आहेत. अपवाद अगदीं अलीकडचा: डिसेंबर १९१५ च्या बरोबर शंभर वर्षांनंतर, म्हणजे २०१५ च्या डिसेंबरांत, अमेरिकेंतील एका बाणाचा खालचा टप्पा वर जाऊन सरळ उभाच्या उभा जमिनीवर उतरला, आणि आतां तो कॅलिफोर्नियांत कारखान्याच्या दारांत उभा करून ठेविला आहे.

तर मग जो उभा आहे तो गेलेल्यांच्या वतीनें उभा आहे, असें म्हणतां येईल काय? आम्हांस वाटतें, येईल. मात्र एका अटीवर. त्यानें आपण गेलेला असल्याचा आव आणतां कामा नये. प्रदर्शनांत वस्तु मांडणें हें एक विधान आहे, आणि विधान म्हटलें कीं तें खरें वा खोटें ठरतें. ज्या बैठकीवर वस्तु ठेवावयाची, ती बैठकच पुष्कळदां तें विधान करीत असते. वस्तु बिचारी मुकी असते.

ही अट पोकळ नाहीं हें एका भयंकर उदाहरणावरून दिसेल. वॉशिंग्टनचें विमानविषयक संग्रहालय १९७६ सालीं नव्या इमारतींत उघडलें, तेव्हां तेथें जर्मनांचा व्ही-२ हा अग्निबाण उभा करण्यांत आला. त्यास काळापांढरा चौकटींचा रंग दिलेला होता. हा रंग चांचणीच्या बाणांचा. १९४२ च्या ऑक्टोबरांत जो पहिला व्ही-२ यशस्वीपणें उडाला त्या काळचा, शास्त्रज्ञांच्या आनंदाचा. लंडन आणि अँटवर्प या शहरांवर जे पडले ते असे चौकटीचे नव्हते. ते डोंगराच्या पोटांतल्या बोगद्यांत, डोरा छावणीच्या कैद्यांकडून मरेमरेपर्यंत काम करवून घेऊन बनविलेले होते. या बाणांच्या माऱ्यानें जेवढीं माणसें मेलीं त्यांहून अधिक ते बनवितांना मेलीं. पोलाद तेंच, आकार तोच. रंगानें मात्र पाहणारास प्रयोगशाळेंत नेऊन सोडलें आणि बोगद्याकडे पाठ करावयास लाविलें. त्या संग्रहालयांत कोणीं मुद्दाम खोटेपणा केला असें आम्ही म्हणत नाहीं. उभें करणाऱ्याच्या मनांत कौतुक दाटलें म्हणजे एवढी चूक सहज होते.

आमच्या घरींहि ती होऊं घातली होती. दुसऱ्या दिवशीं मुलीचा थोरला चुलतभाऊ आला. त्याच्या शाळेंतल्या कोणत्याशा प्रतिकृतीस पूर्वीं बक्षीस मिळालेलें असल्यामुळें त्याचा शब्द घरांत प्रमाण मानला जातो. त्यानें सांगितलें कीं बाणाच्या खालीं कांचेसारखी पारदर्शक दांडी लावावी, म्हणजे ती दिसणार नाहीं; भोंवतीं कापूस पसरावा, कापसांत तांबडा दिवा ठेवावा, म्हणजे बाण धुरांतून वर चालला आहे असें दिसेल; आणि परीक्षक हमखास थांबतील. परीक्षक थांबले असते याविषयीं आम्हांसहि शंका नाहीं. मुलीचे डोळे लकाकले. आमच्या भगिनीस कल्पना पसंत पडली. 'प्रदर्शनांत थोडी सजावट चालायचीच' असें तिचें मत. आणि तिच्या बाजूनें बोलावयाचें तर गौरीगणपतीच्या आराशींत आपण कापसाचे ढग करतोंच कीं, त्यास कोणी असत्य म्हणत नाहीं.

हा आक्षेप विचार करण्याजोगा आहे. आराशींतला ढग कोणास फसवीत नाहीं, कारण तो ढग आहे असें मानण्याचा करार पाहणाराशीं आधींच झालेला असतो. विज्ञान-प्रदर्शनांतला करार वेगळा आहे. तेथें येणारा दुसऱ्या शाळेंतला मुलगा विचारणार, 'हें किती उंच गेलें?' आणि त्या प्रश्नाचें उत्तर कापसानें आधींच देऊन ठेविलेलें असणार. मुलीस 'नाहीं गेलें' असें म्हणणें त्यानंतर फार कठीण जाईल. आम्हीं तिला एवढेंच विचारलें कीं, तो मुलगा आला तर तूं काय सांगशील? ती बराच वेळ बोलली नाहीं. मग म्हणाली, "कापूस नको." चुलतभाऊ रागावला आणि चहा न घेतां गेला, याचें आम्हांस अजून वाईट वाटतें.

या पुठ्ठ्याच्या बाणांच्या जन्मांतहि एक नीति आहे, ती या ठिकाणीं सांगितली पाहिजे. १९५४ सालाच्या सुमारास नेब्रास्का प्रांतांतील ऑर्व्हिल कार्लाइल नांवाच्या एका जोडे विकणाऱ्या दुकानदारानें असला कागदी बाण प्रथम केला. पुढें त्यानें तो हॅरी स्टाइन या अग्निबाणांवर काम करणाऱ्या लेखकाकडे पाठविला, कारण स्टाइननें अशा मुलांविषयीं लिहिलें होतें कीं जीं धातूच्या नळ्यांत घरगुती दारू ठांसून बाण उडवितात आणि बोटें गमावून बसतात. स्पुटनिकनंतर तर तिकडे अशा मुलांचें पेंवच फुटलें. तेव्हां दारू कारखान्यांत भरलेली, नळी कागदाची, पंख बाल्साचे, हें सारें मुलाचा हात शाबूत राहावा म्हणून ठरलें. आमच्या बिद्रीच्या मुलीस कांडी मिळत नाहीं, यांतहि जगाची दुष्टाई नसून थोडीशी काळजीच आहे, असें आम्हीं तिला सांगितलें. तिला तें पटलें असें मात्र दिसलें नाहीं.

आतां बैठक. तिसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही दोघें सामानाच्या शोधांत माळ्यावर चढलों. या कामास विकतचें कांहींच लागत नाहीं. आपल्या घरांतून बैठकींचें केवढें शास्त्र पूर्वापार चालत आलें आहे, हें शोधतां शोधतां प्रथमच लक्षांत आलें: घागरीस तिवई, हंड्याकळशांस घडवंची, डोक्यावरच्या घागरीस चुंबळ, देवास चौरंग, शंखास अडणी. यांतला शंख आमच्या बाणाचा सख्खा भाऊ. त्यालाहि बूड नाहीं. सोडला तर कलंडतो. म्हणून त्यास तीन पायांची अडणी देतात. पण शंख अडणीस कोणी चिकटवीत नाहीं. पूजेच्या वेळीं तो उचलावयाचा, धुवावयाचा, पुन्हां ठेवावयाचा. आम्ही ठरविलें कीं बाणाची बैठक अडणीच्या जातीची असावी. डिंकानें चिकटविण्याचा विचार मुलीच्या मनांत होता, तो तिनें आपण होऊन सोडला.

माळ्यावर एक जुना पाट सांपडला, एक पाय निखळलेला. हा पाट गणपतीचा. कैक वर्षें त्याच्यावर बसून गणपति घरीं आला आणि नदीवर गेला. पाट मात्र दर वेळीं नदीकांठची चिमूटभर वाळू घेऊन परत आला. त्याचा तुकडा कापावा कीं नाहीं याविषयीं आमच्या भगिनीनें अर्धा तास विचार केला, आणि मग स्वतःच करवत आणून दिली. वीतभर लांबरुंद फळी निघाली. बाणाच्या पंखांच्या घेरापेक्षां बैठक सर्व बाजूंनीं दोन बोटें अधिक असावी, म्हणजे धक्का लागला तरी तोल बाहेर जात नाहीं. आणि ती जड असावी, कारण बाण अगदीं हलका आणि उंच असतो. सागवानाची ती फळी पुरेशी जड होती. मधोमध गिरमिटानें भोंक पाडलें. खुंटीसाठीं मोडक्या लाटण्याची मूठ घेतली. बाणाच्या बुडांतील पोकळी, जेथें कांडी बसावयाची, ती १८ मिलिमीटर व्यासाची असते. खुंटी तिच्यापेक्षां किंचित् बारीक होईपर्यंत कांचकागदानें घासली आणि मग तिच्याभोंवतीं वर्तमानपत्राच्या पट्ट्या गुंडाळून खळीनें चिकटवीत गेलों. एक पट्टी कमी पडली तर बाण डुले, एक जास्त झाली तर उचलतांना पंखांवर जोर येई. याच कामास सर्वांत अधिक वेळ लागला. शेवटीं बाण बसला: पंख फळीपासून बोटभर अधांतरीं, सारा भार नळीच्या पोटांतल्या कड्यावर, उड्डाणाच्या वेळीं कांडीचा रेटा जेथें बसावयाचा, नेमका तेथें.

खुंटी बाहेरून दिसत होती. मुलीनें तिला रंग देऊं नये असें आम्हांस वाटत होतें, परंतु तिनें हिरवा दिला. आम्ही कांहीं बोललों नाहीं.

चौथ्या दिवशीं दुपारीं आम्ही सामान बांधीत असतां ती बाण खुंटीवरून उचलून गच्चीवर घेऊन गेली. छत्री उघडते कीं नाहीं हें वरून टाकून पाहतां येतें, असें पेटींतल्या कागदावर लिहिलेलें होतें. आमची भगिनी खालून ओरडत होती, "मोडेल ग, परवा प्रदर्शन आहे!" आम्हांसहि क्षणभर तेंच वाटलें. आम्हीं तिला अडविलें नाहीं, आणि आज विचार करतां तेंच बरें झालें असें वाटतें. मोडण्याच्या भीतीनें त्या बाणाकडून एवढेंहि घेतलें नसतें, तर त्याची बैठक मखराहून फारशी निराळी ठरली नसती. छत्री अर्धीच उघडली. बाण तिरपा होऊन शेजारच्या परड्यांत पडला आणि एक पंख मुळाशीं निखळला. मुलगी रडली नाहीं. तिनें तो पंख चिकटवून सरळ उभा राहीपर्यंत दोन चिमट्यांत धरून ठेविला. डिंकाचा पिवळट वण राहिला.

बाण पुन्हां बैठकीवर चढल्यावर तो वण भिंतीकडे करावा असें आमच्या भगिनीनें सुचविलें. मुलीनें बैठक फिरवून वण पुढें आणला, आणि पुठ्ठ्याचा एक तुकडा घेऊन प्रदर्शनाची पाटी लिहावयास बसली. नांव, इयत्ता, शाळा लिहून झाल्यावर तिनें आम्हांस विचारलें कीं, 'माहिती' या रकान्यांत काय लिहूं? आम्हीं म्हटलें, झालें असेल तें लिही. गारगोटीहून येणारी आमची मोटार तेव्हां रस्त्यावर येऊन उभी राहिली होती, म्हणून निघतांना आम्हीं ती पाटी उभ्याउभ्याच वाचली: "हे रॉकेट उडालेले नाही. गच्चीवरून एकदा उतरले आहे."